एक ठिपका म्हणजे पन्नास माणसं

महबूल्यात समुद्राकडे पाठ करून
इमारती उभ्या आहेत.
पाचव्या मजल्यावर नझीर परकारच्या खोलीत
मी फॉर्म उघडते.
प्रश्न पहिला : पत्ता.

"कसला पत्ता, बाय? खाट सांगू का?
खिडकीपासनं दुसरी, वरची.
रात्री माझी. दिवसा तिच्यावर
सिल्हेटचा एक पोरगा झोपतो.
उशी ज्याची त्याची."

माझ्या नकाशात एक ठिपका म्हणजे पन्नास माणसं.
अर्ध्या खाटेला चिन्ह नाही.

प्रश्न चौथा : वैवाहिक स्थिती.
"बॅचलर," तो लगेच म्हणतो.
फोनच्या काचेवर तीन मुलं,
धाकटीचे पुढचे दोन दात पडलेले.
"लगीन झालंय की. सोळा वर्षं झाली.
पण बायको इथं नसली की माणूस बॅचलर,
आणि बॅचलरनं कुटुंबांच्या वस्तीत राहायचं नाही.
खैतानात आमच्या इमारतीची वीजच तोडली,
ऑगस्टात.
गाद्या डोक्यावर घेऊन निघालो."

रात्री साल्मियात, माझ्या एसीच्या घरघरीत,
आकडे लावत बसते.
निर्देशांक सांगतो : शहर सारखं मिसळायचं
तर शंभरातल्या एकाहत्तर जणांना
घर बदलावं लागेल.

पण घर तर सगळेच बदलतायत!
परकार : तेवीस वर्षांत अकरा वेळा.
फाहाहील, खैतान, जलीब, परत जलीब,
भाडं वाढलं म्हणून, छापा पडला म्हणून,
मुकादमाशी भांडण झालं म्हणून.
आणि निर्देशांक
जिथल्या तिथे.

सगळ्यांत जास्त मिसळलेली निघाली
अल्माझ बेकेले.
अदैलिया, ब्लॉक तीन. आजूबाजूला सगळे कुवैतीच.
सॉफ्टवेअरनं तिला गडद हिरवी दाखवली :
संपूर्ण समरस.
तिची खोली वॉशिंग मशीनच्या मागे आहे, बिनखिडकीची.
मुलाखत जमियाच्या मागल्या बाजूला झाली,
कचऱ्याच्या पेटीपाशी, सहा मिनिटं,
कारण पिशवी टाकून यायला सहाच मिनिटं लागतात
हे मॅडमना ठाऊक आहे.

मी हिरवा रंग पुसला नाही.
पद्धत ती पद्धत.
तळटीप लिहिली, दीड ओळ.

परिषदेत कुणीतरी विचारलंच :
अलगपणाच्या अभ्यासाकडे तुम्ही कशा वळलात?
मी दोन सिद्धांतांची नावं घेतली. लोकांनी माना डोलावल्या.

बोलले नाही ते असं,
की आमच्या गावात वरची वाडी होती, खालची वाडी,
पऱ्ह्यापलीकडे बौद्धवाडी,
खाडीकडे मोहल्ला.
पाणी कुठल्या विहिरीचं भरता एवढं विचारलं
की आडनाव विचारायची गरज पडत नसे.
नकाशा कुणी काढला नव्हता.
आठ वर्षांची पोरंसुद्धा तो चुकत नसत.

आणि परकारचं गाव विचारलं (प्रश्न सातवा)
तर तो खाडीचं नाव सांगायला लागला,
जेट्टीचं, जेट्टीवरल्या वाकड्या उंडिणीचं,
आणि माझं पेन थांबलं.
शाळेपासून मोहल्ला चालत दहा मिनिटं.
दहावीपर्यंत मी तिथे एकदाही गेले नव्हते.
कुणी अडवलं होतं असंही नाही.

त्याच्या घरचा चहा पहिल्यांदा प्याले
तो इथे, महबूल्यात,
वरच्या खाटेखाली मान वाकवून.
साखर जास्त झाली होती. मी सांगितलं नाही.
"म्हणजे तू मास्तरांची!" तो म्हणाला,
आणि तेव्हापासून मला अरेतुरे करतो.

परवा त्याचा फोन आला.
"बाय, परत फाहाहीलला आलो.
या खेपेला खालची खाट मिळाली, पंख्याखालची.
तुझ्या त्या नकाशात
माझा ठिपका तेवढा हलव."

हलवते म्हटलं.
नकाशा गेल्या मंगळवारीच छपाईला गेला होता.
तरी पेन्सिल घेतली,
आणि माझ्या प्रतीवर, समुद्राच्या कडेला,
पन्नासांतला एक
कसा काढायचा ते बघत राहिले.